निरोगी गाय, आजारी माणूस

१९९३च्या जानेवारीत अमेरिकेतील सिएटल शहरात लहान मुले एकापाठोपाठ एक रुग्णालयात दाखल होऊ लागली. आधी पोटात मुरडा, मग पातळ जुलाब, मग जुलाबात रक्त. काहींची लघवी कमी होत होत बंद झाली, अंगावर सूज आली, चेहरा पांढराफटक पडला. मूत्रपिंडे निकामी होत होती. आरोग्य खात्याच्या लोकांनी ‘गेल्या आठवड्यात काय काय खाल्ले?’ असे विचारायला सुरुवात केली, तेव्हा बहुतेक उत्तरांत ‘जॅक इन द बॉक्स’ या उपाहारगृहांच्या साखळीतले हॅम्बर्गर येऊ लागले. साथ वॉशिंग्टन, आयडाहो, नेव्हाडा आणि कॅलिफोर्निया अशा चार राज्यांत पसरली होती. सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. त्यांतल्या एका मुलाने हॅम्बर्गर खाल्लाही नव्हता. पाळणाघरातल्या दुसऱ्या मुलाकडून त्याला लागण झाली होती.

हॅम्बर्गरच्या खिम्यात सापडलेल्या जिवाणूचे नाव ई. कोलाय ओ१५७:एच७. तो गुरांच्या आतड्यात राहतो. पण ज्या गुरांकडून तो आला, ती आजारी नव्हती. मोठ्या जनावराला त्याचा काहीच त्रास होत नाही. ते चरते, रवंथ करते, दूध देते, वजन धरते. अमेरिकेत १९०६च्या कायद्यापासून कत्तलखान्यातला निरीक्षक जनावर डोळ्यांनी पाहायचा, मांस हाताने दाबायचा, वास घ्यायचा आणि शिक्का मारायचा. क्षयाने पोखरलेले किंवा गळवांनी भरलेले जनावर या पद्धतीने बाजूला काढता येत असे. ओ१५७चे जनावर मात्र दिसायला इतरांसारखेच धडधाकट असते. ऐंशी-नव्वद वर्षे जुनी ही तपासणी त्याच्यापुढे निरुपयोगी ठरली.

हा रोग समजून घेताना म्हणूनच गुरांना दोष देऊन भागत नाही. शेणापासून माणसाच्या तोंडापर्यंतची जी वाट आहे तिच्यात खरा धोका आहे, आणि ती वाट बहुतांशी माणसानेच तयार केलेली आहे.

सज्जन कुळातला एक

ई. कोलायचे कूळ मुळात बदनाम नाही. थिओडोर एशरिख या बालरोगतज्ज्ञांनी १८८५मध्ये तान्ह्या बाळांच्या शौचातून हा जिवाणू वेगळा केला. जन्मानंतर थोड्याच काळात तो आपल्या आतड्यात वस्तीला येतो. तिथला ऑक्सिजन वापरून टाकतो, त्यामुळे ज्यांना ऑक्सिजन सोसत नाही अशा उपयोगी जिवाणूंना जागा होते. व्हिटॅमिन ‘के’ तयार करण्यातही त्याचा वाटा असतो. प्रयोगशाळांतून जीवशास्त्राचे असंख्य प्रयोग याच जिवाणूच्या ‘के-१२’ नावाच्या निरुपद्रवी वाणावर झाले.

ओ१५७:एच७ हा त्याच कुळातला. ‘ओ’ म्हणजे जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावरील शर्करेच्या साखळ्यांचा प्रकार आणि ‘एच’ म्हणजे पोहण्यासाठी असलेल्या शेपटांचा प्रकार. साखळ्या १५७व्या प्रकारच्या आणि शेपटे सातव्या, म्हणून हे नाव. १९७५मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका महिलेच्या रक्ताळ जुलाबांत तो सापडला होता, पण त्या वेळी त्याची विशेष दखल घेतली गेली नाही. १९८२मध्ये ओरेगन आणि मिशिगन या दोन राज्यांत रक्ताळ जुलाबांच्या दोन साथी आल्या आणि ४७ जण आजारी पडले. दोन्हीकडे धागा एकाच साखळीतल्या हॅम्बर्गरपर्यंत गेला. पुढच्याच वर्षी टोरांटोच्या बालरुग्णालयातील मोहमद करमाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की लहान मुलांत अचानक मूत्रपिंडे बंद पाडणाऱ्या एका विकारामागे विष तयार करणारे ई. कोलाय असतात. हा विकार १९५५पासून वैद्यकाला माहीत होता, पण कारण सापडत नव्हते.

२००१मध्ये ओ१५७ची पूर्ण जनुकीय रचना वाचली गेली. निरुपद्रवी के-१२च्या जनुकीय लेखात सुमारे ४६ लाख अक्षरे आहेत, तर ओ१५७च्या लेखात सुमारे ५५ लाख. या जादा मजकुरात १,३८७ नवी जनुके मिळाली. त्यांतली बरीचशी इतर जिवाणूंकडून आणि जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंकडून आलेली होती. चिकटण्याची, तग धरण्याची आणि विष बनवण्याची साधने या उसन्या भांडवलातच आहेत.

गुराच्या पोटात त्याचे ठाणे

गाईच्या पोटाचा पसारा मोठा. चार कप्प्यांचे जठर, मग कित्येक मीटर लांब आतडे. ओ१५७ मात्र मुक्काम करतो तो अगदी शेवटच्या टोकाला. २००३मध्ये स्कॉटलंडमधील संशोधकांनी दाखवले, की गुदद्वाराच्या आतल्या काही सेंटिमीटरच्या पट्ट्यात, जिथे लसिका ऊती दाट असतात, तिथे हा जिवाणू वस्ती करून राहतो. जाणारे शेण त्या पट्ट्याला घासूनच बाहेर पडते. बाहेर जाण्यासाठी याहून सोयीची जागा नाही.

सगळी गुरे सारख्या प्रमाणात जिवाणू टाकत नाहीत. कळपातल्या थोड्या जनावरांच्या एक ग्रॅम शेणात दहा हजारांहून जास्त ओ१५७ सापडतात, आणि गोठ्यात पसरणाऱ्या जिवाणूंचा मोठा हिस्सा या थोड्यांचाच असतो. उन्हाळ्यात हे प्रमाण वाढते. दूध तोडलेल्या वासरांत ते जास्त दिसते. तेच जनावर काही आठवडे जिवाणू टाकते, मग थांबते आणि पुढे पुन्हा सुरू होते. त्यामुळे एकदा तपासून एखादे जनावर ‘स्वच्छ’ ठरवता येत नाही. बाहेर पडल्यावर हा जिवाणू शेणात, ओल्या मातीत, हौदाच्या तळाच्या गाळात आठवडेच काय, महिनोन्महिने जगतो.

मग जनावर आजारी का पडत नाही? ओ१५७चे विष शरीरातल्या कोणत्याही पेशीत शिरू शकत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर ‘जीबी३’ नावाचा मेद-शर्करेचा रेणू असेल, तरच त्याला आत जाता येते. माणसाच्या, विशेषतः मुलांच्या, मूत्रपिंडातल्या केशवाहिन्यांवर हा रेणू भरपूर असतो. गुरांच्या रक्तवाहिन्यांवर तो नसतो. गाईच्या आतड्यात विष तयार झाले, तरी त्याला पकडायला जागाच मिळत नाही. एका रेणूच्या असण्या-नसण्यावर गाईचे आरोग्य आणि मुलाचा जीव अवलंबून आहे.

शंभर जिवाणूही पुरे

अन्नातून आलेल्या बहुतेक जंतूंची पहिली गाठ जठरातल्या आम्लाशी पडते आणि त्यांतले बहुसंख्य तिथेच मरतात. म्हणूनच निरोगी माणसाला आजारी पाडायला साल्मोनेलासारख्या जिवाणूंची संख्या सहसा मोठी लागते. ओ१५७कडे आम्लात टिकण्याच्या एकाहून अधिक यंत्रणा आहेत. त्यांतली एक ग्लुटामेट या अमिनो आम्लाचा वापर करून पेशीच्या आतली आम्लता कमी करते. परिणाम असा, की शंभराहून कमी जिवाणूही आजारासाठी पुरतात. पाळणाघरात एका मुलाच्या हातावरून दुसऱ्याच्या तोंडात जाण्याइतकी ही संख्या लहान आहे. ‘आंबट पदार्थात जंतू वाढत नाहीत’ हा भरवसाही इथे टिकत नाही. १९९६मध्ये अमेरिकेत पाश्चरीकरण न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ही लागण झाली आणि एका लहान मुलीचा मृत्यू झाला.

मोठ्या आतड्यात पोचल्यावर जिवाणूला भिंतीला घट्ट धरून राहावे लागते, नाहीतर तो वाहून जाईल. इथे त्याची करामत थक्क करणारी आहे. आतड्याच्या पेशीवर त्याला धरण्याजोगा योग्य रेणू नसतो. तेव्हा तो इंजेक्शनच्या सुईसारख्या एका सूक्ष्म नळीतून स्वतःचेच एक प्रथिन त्या पेशीत सोडतो. हे ‘टीर’ नावाचे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येऊन बसते, आणि जिवाणूच्या अंगावरचे ‘इंटिमिन’ हे प्रथिन त्याला पकडते. पाहुण्याने येताना स्वतःचा पाट बरोबर आणावा आणि यजमानाच्या पंगतीत मांडून त्यावर बसावे, तसा हा प्रकार आहे. पुढे पेशीच्या आतला सांगाडा वळून जिवाणूखाली एक उंचवटा तयार होतो, आणि अन्नरस व पाणी शोषणारे पेशीवरचे बारीक तंतू झडून जातात. इथून जुलाब सुरू होतात.

उसने घेतलेले विष

१८९७मध्ये जपानमध्ये रक्ती हगवणीची मोठी साथ आली. कियोशी शिगा या तरुण संशोधकाने तिच्यामागचा जिवाणू शोधला. त्याला पुढे ‘शिगेला’ आणि त्याच्या विषाला ‘शिगा विष’ असे नाव मिळाले. ओ१५७ बनवतो ते विष याच घराण्यातले. पण त्याची कृती या जिवाणूच्या स्वतःच्या जनुकांत नव्हती. जिवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूने, म्हणजे फाजने, ती त्याच्यात आणून सोडली. हा फाज जिवाणूच्या गुणसूत्रात स्वतःला जोडून घेतो आणि पिढ्यान्पिढ्या निद्रिस्त राहतो.

जिवाणूवर संकट आले, त्याच्या डीएनएला इजा झाली, की फाज जागा होतो. तो झपाट्याने स्वतःच्या प्रती काढू लागतो, सोबत विषही बनवतो आणि शेवटी जिवाणूला फोडून बाहेर पडतो. विष आतड्यात सांडते. काही प्रतिजैविके नेमके हेच संकट उभे करतात. जिवाणू मारण्यासाठी दिलेले औषध त्याच्या पोटातला विषाचा साठा वाढवून मोकळा करू शकते. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ओ१५७ची लागण झालेल्या ७१ मुलांवर लक्ष ठेवले होते. प्रतिजैविके मिळालेल्या ९ मुलांपैकी ५ जणांना मूत्रपिंडांचा विकार झाला. औषधे न मिळालेल्या ६२ मुलांतही तो ५ जणांनाच झाला. अभ्यास लहान होता, पण त्यानंतर या आजारात प्रतिजैविके टाळण्याकडेच डॉक्टरांचा कल राहिला.

शिगा विषाच्या रेणूला दोन भाग असतात. पाच तुकड्यांचे एक कडे ‘जीबी३’ला पकडते आणि त्याच्या आधाराने दुसरा, घातक भाग पेशीत शिरतो. प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोममधल्या आरएनएच्या साखळीतला ठरावीक जागचा एक ॲडेनीन हा भाग उडवून देतो. प्रथिनांचे काम तिथेच थांबते आणि पेशी मरते. एरंडाच्या बियांतले ‘रायसिन’ हे जहाल विषही नेमकी हीच इजा करते.

मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या केशवाहिन्यांचे अस्तर असे जखमी झाले, की तिथे बारीक गुठळ्या जमतात. प्लेटलेट त्यांत खर्ची पडतात आणि रक्तातली त्यांची संख्या घसरते. चिंचोळ्या झालेल्या वाहिन्यांतून जाताना तांबड्या पेशी फाटतात आणि रक्तक्षय होतो. गाळण्याचे काम थांबते. या तिहेरी विकाराला ‘हीमोलिटिक युरेमिक सिंड्रोम’ म्हणतात. साधारण क्रम असा: दूषित अन्न खाल्ल्यावर तीन-चार दिवसांनी जुलाब, एक ते तीन दिवसांत त्यात रक्त, आणि जुलाब सुरू झाल्यापासून आठवड्याच्या आसपास, नेमके पोट बरे होत असल्यासारखे वाटू लागते तेव्हा, मूत्रपिंडांचा त्रास. बहुतेक रुग्ण या टप्प्यापर्यंत न जाता बरे होतात. लहान मुलांत मात्र लागण झालेल्यांपैकी सुमारे १५ टक्के तिथवर पोचतात. विषावर उतारा नाही. वेळेवर शिरेतून द्रव देणे, गरज पडल्यास रक्त देणे आणि डायलिसिस करणे, एवढेच हाती असते.

फाजच्या या ये-जा करण्याने कोणता नवा धोका उभा राहू शकतो, हे २०११मध्ये जर्मनीत दिसले. ‘ओ१०४:एच४’ हा दुसऱ्याच स्वभावाचा ई. कोलाय, पण त्याला शिगा विषाचा फाज मिळाला होता. सुमारे ३,८०० लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला आणि तिथल्या शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले. शेवटी धागा सापडला तो इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांना आणलेल्या मोडांत. इथे गुरांचा संबंध नव्हता. विष मात्र तेच होते.

शेणाच्या चार वाटा

पहिली वाट मांसाची. कातडे सोलताना अंगावरचे वाळलेले शेण मांसाच्या पृष्ठभागावर लागते. अखंड तुकडा भाजला, तर बाहेरचे जिवाणू आचेवर मरतात, आतला भाग कच्चट राहिला तरी धोका कमी असतो. खिमा करताना मात्र बाहेरचे सगळे आत जाते. शिवाय मोठ्या कारखान्यात एका घाण्यात अनेक जनावरांचे मांस मिसळते. एका जनावराचे शेण हजारो पॅटींत वाटले जाते. १९९३मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे हॅम्बर्गर आतून १४० अंश फॅरेनहाइटपर्यंत, म्हणजे ६० अंश सेल्सियसपर्यंत शिजवला की पुरे होते. वॉशिंग्टन राज्याने स्वतःची मर्यादा १५५ अंश, म्हणजे सुमारे ६८ अंश सेल्सियस ठेवली होती. ‘जॅक इन द बॉक्स’मध्ये ही वरची मर्यादा पाळली गेली नव्हती. आज अमेरिकेत घरगुती स्वयंपाकासाठी १६० अंश फॅरेनहाइट, म्हणजे ७१ अंश सेल्सियस सांगितले जाते.

दुसरी वाट पाण्याची. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे. २०००च्या मे महिन्यात तिथे मुसळधार पाऊस झाला आणि शेजारच्या शेतातले शेणखत उथळ पाणी ओढणाऱ्या सार्वजनिक विहिरीत झिरपले. ओ१५७ आणि कॅम्पिलोबॅक्टर हे दोन्ही जिवाणू नळावाटे घराघरांत पोचले. जवळजवळ निम्मे गाव, म्हणजे २,३००हून अधिक लोक आजारी पडले आणि सात जण मरण पावले. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीत निघालेला निष्कर्ष मननीय आहे. शेतकऱ्याने खत घालताना सगळी योग्य पद्धत पाळली होती, त्याचा दोष नव्हता. पाण्यात पुरेसे क्लोरिन घातले जात नव्हते, त्याच्या नोंदी खोट्या ठेवल्या जात होत्या आणि सतत मोजणारी यंत्रे बसवलेलीच नव्हती. ती असती, तर साथ टळली असती.

तिसरी वाट भाजीची. २००६मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालकामुळे आणि २०१८मध्ये ॲरिझोनाच्या युमा भागातल्या लेट्यूसमुळे अमेरिकेत साथी आल्या. पहिल्या वेळी शेताजवळच्या कुरणातल्या गुरांच्या शेणात आणि रानडुकरांत तोच वाण सापडला. दुसऱ्या वेळी तो कालव्याच्या पाण्यात मिळाला, आणि त्या कालव्यालगत गुरे पुष्ट करण्याचे मोठे आवार होते. दोन्ही साथींत मांस न खाणारेही आजारी पडले. पालेभाजी कच्ची खाल्ली जाते, आणि पानाच्या सुरकुत्यांत व कापलेल्या कडांत अडकलेले जिवाणू धुऊन पूर्ण निघत नाहीत. जपानमधील साकाई शहरात १९९६मध्ये शाळेच्या जेवणातून हजारो मुलांना ओ१५७ची लागण झाली, तेव्हाही संशय मुळ्याच्या कोवळ्या मोडांवरच गेला होता.

चौथी वाट कच्च्या दुधाची. ओ१५७ सहसा दुधातून उतरत नाही. तो कासेला, सडांना, शेपटीला किंवा धार काढणाऱ्याच्या हाताला लागलेल्या शेणातून चरवीत पडतो. ब्रुसेला हा जिवाणू आणि गुरांचा क्षयजंतू मात्र थेट दुधातूनही येऊ शकतात. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७मध्ये माल्टा बेटावरच्या सैनिकांत ब्रुसेला शोधला. तो शेळ्यांच्या कच्च्या दुधातून येतो, हे कळायला १९०५ साल उजाडले. गोठा आरशासारखा लख्ख असला, तरी दूध तापवावेच लागते, ते यासाठी.

खर्च कोणी करायचा?

१९९३च्या साथीनंतर अमेरिकी कृषी खात्याने १९९४मध्ये खिम्यातल्या ओ१५७ला ‘भेसळ’ ठरवले. त्याआधी कच्च्या मांसात जिवाणू असणारच, शिजवून घेणे ही गिऱ्हाइकाची जबाबदारी, अशी उद्योगाची भूमिका होती. मांस उद्योगातील संघटना न्यायालयात गेल्या आणि हरल्या. १९९६मध्ये नवे नियम आले: नुसते पाहून-हुंगून नव्हे, तर धोक्याचा प्रत्येक टप्पा हेरून तिथे मोजमाप ठेवायचे. वेगवेगळ्या राज्यांतल्या रुग्णांकडून मिळालेल्या जिवाणूंच्या डीएनएचे ठसे जुळवणारे ‘पल्सनेट’ हे जाळेही त्याच वर्षी उभे राहिले.

मग गुरांनाच लस का देऊ नये? कॅनडात अशी लस तयार झाली आणि २००८मध्ये तिला पूर्ण परवानगीही मिळाली. शेणातून पडणाऱ्या जिवाणूंची संख्या ती कमी करत होती. पण ती खपली नाही आणि पुढे बाजारातून गेली. ज्याचे जनावर आजारीच पडत नाही, दूधही कमी होत नाही आणि वजनही घटत नाही, तो पशुपालक लशीचा खर्च कशासाठी करेल? फायदा शहरातल्या कुणा मुलाचा, बिल मात्र शेतकऱ्याचे. असा खर्च समाजाने उचलायला हवा. एकट्या शेतकऱ्यावर तो टाकला, की चांगले औषधही धूळ खात पडते.

आपल्याकडे

भारतात २०१९च्या पशुगणनेनुसार १९ कोटींहून अधिक गाई-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी आहेत. शिगा विष बनवणारे ई. कोलाय इथल्या गुरांतही आहेत. कोलकात्यातील संशोधकांनी २००२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गाईंच्या शेणात ते बऱ्याच प्रमाणात सापडले, जुलाबाच्या रुग्णांत मात्र क्वचित. बहुतेक प्रयोगशाळांत ते नेमाने शोधले जात नाहीत, हे त्याचे एक कारण धरले, तरी आपल्या स्वयंपाकघराला श्रेय द्यावेच लागेल. दूध आले की आधी तापवायचे, वरण-भाजी रटरटून शिजवायची, मटण-खिमा कच्चट ठेवायचा नाही, या सवयींनी मोठी वाट अडवली आहे. पाश्चरीकरणाला ७२ अंश सेल्सियसवर १५ सेकंद लागतात. आपले वर येणारे दूध त्याच्या कितीतरी पुढे गेलेले असते. खरवसाचा चीकही आपण वाफवून घेतो.

पण या भिंतीला खिंडारे पडत आहेत. ‘थेट गोठ्यातले, न तापवलेले दूध’ पौष्टिक म्हणून शहरांत मागितले जाते. तापवल्याने दुधातले प्रथिन आणि कॅल्शियम जवळपास तसेच राहते. न तापवल्याने मिळते ते मुख्यतः जोखीम. पंचामृतासाठी कच्चे दूध वापरण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. तापवून गार केलेले दूध वापरले, तर देवाला कमीपणा येत नाही आणि तीर्थ घेणाऱ्या नातवंडांना धोका राहत नाही. सॅलड, सँडविच, वरून भुरभुरलेली कोथिंबीर असे कच्चे खाणेही वाढले आहे. ते वाहत्या पाण्याखाली नीट धुवावे, आणि घरात अगदी लहान मूल किंवा वृद्ध असेल तर मोड आलेली कडधान्ये वाफवून द्यावीत.

शेतकऱ्यांसाठी मुद्दा खताचा आहे. नीट कुजलेल्या खताच्या ढिगात आतले तापमान ५५ अंशांच्या वर जाते आणि ते काही दिवस टिकले, ढीग खालीवर केला, तर असे जिवाणू मरतात. ताज्या शेणात ही उष्णतेची पायरीच नसते. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन मुरवून केलेल्या जीवामृतातही ती नसते. जमिनीला द्यायला हरकत नाही, पण तोडणीला आलेल्या कोथिंबीर-पालकावर किंवा जमिनीला टेकलेल्या काकडी-स्ट्रॉबेरीवर ते फवारू नये. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमानुसार ताजे शेण घातल्यानंतर मातीला टेकणाऱ्या पिकाची तोडणी १२० दिवस आणि इतर खाद्य पिकांची ९० दिवस करता येत नाही. हा हिशेब आपल्याकडेही उपयोगी आहे. अंगण सारवून झाल्यावर, गोवऱ्या थापल्यावर, वासराशी खेळून आल्यावर हात साबणाने धुणे, हा तर बिनखर्चाचा उपाय.

शेवटी घरातल्या मोठ्यांसाठी. आपल्याकडे रक्ताळ जुलाब बहुतेकदा शिगेला किंवा अमीबामुळे होतात आणि त्यांवर औषधे लागतात. ओ१५७सारख्या जिवाणूत मात्र तीच घाई अंगलट येऊ शकते. फरक डोळ्यांनी ओळखता येत नाही, तो शौचाच्या तपासणीतच कळतो. म्हणून मुलाच्या जुलाबात रक्त दिसले, तर मागच्या आजारपणातली उरलेली प्रतिजैविके किंवा जुलाब थांबवणारी गोळी मनाने देऊ नका. जलसंजीवनी सुरू करा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि जुलाब थांबल्यावरही आठवडाभर मुलाची लघवी नीट होते आहे ना, याकडे लक्ष ठेवा.